भावोजींची पलटण

भावोजी,

काल सड्यावर, खाडीवरच्या त्या कातळमाळावर, तुमची पलटण उभी राहिली. काय झालं ते सगळं सांगणार आहे, पण क्रमाने. घाई केली की फैर फुटते हे तुमचंच म्हणणं. तुम्ही समोर असतात तर मी दोन वाक्यं पुढे गेले की लगेच हात वर करून "वहिनी, पहिल्यापासून" म्हणाला असतात. म्हणून आज आपणहूनच पहिल्यापासून सांगते.

तुमच्या तेराव्याला खूप माणसं आली. ओटीवर बसून सगळे म्हणत होते, भाऊ फार शांत, फार मनमिळाऊ, कधी कुणाला दुखावलं नाही. मी आत माजघरात भाताचं पातेलं उतरवत होते, आणि खरं सांगते, मला हसू आवरेना. शांत म्हणे! भर ग्रामसभेत, रानडुकरांनी भाताची नासाडी केली म्हणून सगळे डोक्याला हात लावून बसलेले असताना, तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "डुकरांचं नंतर बघू. आपल्या नि आसपासच्या वाड्यांत मिळून ठासणीच्या परवानेवाल्या इतक्या बंदुका आहेत, की आपण जुन्या काळातली एक पलटण उभी करू शकतो." सरपंचांनी चष्मा काढून पुसला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "कुनावर चाल करायची हाय, भाऊ? मालगुंडावर का जयगडावर?" सगळी सभा हसली. तुम्ही पण हसलात, पण खाली बसला नाहीत. त्या दिवसापासून त्या खुळाला गावात नाव पडलं, भावोजींची पलटण. मी तुम्हाला भावोजी म्हणते म्हणून एरवी भाऊ म्हणणारा अख्खा गाव पलटणीपुरतं भावोजी म्हणायला लागला, ती गंमत वेगळीच.

मुंबईला गोदीत आयुष्य काढून तुम्ही गावी आलात, तेव्हा मला वाटलं होतं की आता दीर आंब्याची कलमं बघेल, देवळात बसेल, बायकोला, सुलभाला, बाजारातून मासे आणून देईल. तुम्ही मासे आणलेत, पण त्यांच्याबरोबर पुस्तकांची पेटी उघडलीत. ठासणीच्या बंदुकांच्या काळातलं पायदळ, त्याची कवायत, त्याची रांग. गारदी म्हटलं की आपल्या लोकांना फक्त कटकारस्थान आठवतं, याचा तुम्हाला कोण राग! "वहिनी, तो गारदी म्हणजे शिकलेला शिपाई. घोडेस्वार अंगावर येत असताना जो जागचा हलत नाही, उभ्या उभ्या बंदूक भरतो, तो. आपल्याकडे घोडेस्वारांचे पोवाडे आहेत. ह्याच्यासाठी कुणी डफावर थाप मारली नाही." हे तुम्ही मला कोलंबी सोलताना सांगितलं होतं, आणि सुलभा म्हणाली होती, "आधी कोलंबी नीट सोला, धागा तसाच ऱ्हायला."

मग एक दिवस तुम्ही माझ्याकडे आलात. मी हायस्कुलात खेळाची बाई होते. निवृत्त झाले तरी अंगणातून हाक मारली तर खालच्या वाडीतली कुत्री उठून बसतात, असा माझा लौकिक. तुम्ही म्हणालात, "पलटणीला हुकूम द्यायला माणूस पाहिजे. तुमचा आवाज पाहिजे, वहिनी." मी म्हटलं, गावात पुरुष संपले का? तुम्ही म्हणालात, "पुरुष पुष्कळ आहेत. तुमच्यासारखा आवाज नाही." मला ती मस्करी वाटली. मस्करी नव्हती, हे मला आत्ता आत्ता कळलं. त्यावर पुढे येते.

पहिल्या दिवशी सड्यावर वीस-पंचवीस जण आले. त्यातले निम्मे माझ्या हाताखाली कबड्डी खेळलेले. कातळावरचं गवत वाळून पिवळं झालेलं, समोर खाडी, पलीकडे बंदरावरच्या क्रेना. तुम्ही सगळ्यांना एका ओळीत उभं केलंत आणि समजावलंत. ही ठासणीची बंदूक लांबवर नीट लागत नाही. नळी आतून साधी, गोळी सैल. शंभर पावलांवरच्या माणसाला नेम धरून मारायला जाल तर त्याच्या शेजारच्या झाडाला लागेल. म्हणून त्या काळच्या शहाण्या लोकांनी काय केलं? नेम सोडून दिला. सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि एका हुकमाला सगळ्यांनी एकदम उडवायची. एक गोळी वाट चुकेल, पण पन्नास गोळ्या एकाच क्षणी निघाल्या तर समोर उभं राहणं कुणाला शक्य नाही. आणि मग पुन्हा भरायची. दारू, वर बोळा, ठासायला गज, ठिणगीला केप, पुन्हा खांद्याला. जो जास्त शूर तो जिंकत नाही, जो आधी भरतो आणि सगळ्यांबरोबर उडवतो तो जिंकतो.

"म्हंजे लावणी," गंगाराम म्हणाला. गंगाराम आपल्या जाखडीच्या मेळ्यात मृदंग वाजवतो, शेती करतो आणि त्याला सगळ्या गोष्टी भातशेतीच्या नाहीतर नाचाच्या भाषेत कळतात. "भात लावताना एकटा पुढं ग्येला तर लायन मोडते. सगळ्यांनी बरोबर मागं सरायचा."

तुम्ही त्याला मिठी मारलीत. सहा पुस्तकं वाचून जे सांगायला तुम्हाला तासभर लागला ते त्याने एका वाक्यात सांगितलं, असं तुम्ही मला नंतर म्हणालात. मी म्हटलं, मग पुस्तकं विका आणि गंगारामला ठेवा. तुम्ही रुसलात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आलात.

पण कळणं वेगळं आणि करणं वेगळं. आठवतो ना पहिला खरा बार? आधी कितीतरी संध्याकाळी आपण वेळूच्या काठ्या घेऊन सराव केला. हुकूम झाला की काठीचा बुंधा कातळावर आपटायचा. ते बरं जमायला लागलं तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन तुम्ही रीतसर परवानगी काढलीत, फक्त दारू, गोळी-छर्रा काही नाही, साहेब स्वतः हजर. सगळे आपापल्या बंदुका घेऊन आले. मी घसा साफ करून ओरडले, "फैर… झाड!"

आणि काही झालं नाही.

सगळी ओळ एक डोळा मिटून उभी. ज्याने आयुष्यभर भाताच्या राखणीला माळ्यावर बसून डुक्कर येण्याची वाट पाहिली, त्याचं बोट डुक्कर दिसल्याशिवाय चापावर कसं जाणार? प्रत्येक जण समोरच्या मोकळ्या सड्यावर काहीतरी हलायची वाट बघत होता. मग कुणालातरी धीर धरवला नाही, एक बार झाला, मग दुसरा, मग चार, मग एक सावकाश शेवटचा. आणि त्यानंतरची तऱ्हा तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. बार काढला तसे सगळेच्या सगळे बंदुका घेऊन पुढे धावले, काय पडलं ते बघायला! पोलीस साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, ह्यांच्यासमोर शत्रू आला तर ते त्याला भाजायला घेऊन जातील."

तुम्ही मात्र कुणाला बोलला नाहीत. तुम्ही नेहमीप्रमाणे सड्याच्या दुसऱ्या टोकाला, गडग्याच्या, त्या दगडी कुंपणाच्या, पलीकडे जरा बाजूला उभे होतात. पलटण कशी आहे ते शत्रूलाच कळतं, म्हणून तुम्ही शत्रूच्या जागी उभे राहायचात. चपला काढून, अनवाणी, कातळावर. तिथून तुम्ही हात वर केलात, पाचही बोटं फाकवून. पाच बोटं म्हणजे लाह्या फुटल्या. ती खूण तेव्हापासून ठरली. जितके आवाज वेगळे तितकी बोटं, आणि ज्या दिवशी सगळ्या बंदुकांचा मिळून एकच आवाज होईल त्या दिवशी एक बोट. तेवढंच तुम्हाला पाहिजे होतं. बक्षीस नको, पेपरात फोटो नको. एकच आवाज.

त्या एका आवाजासाठी आपण किती भांडलो, भावोजी! मी म्हणत होते, गंगारामला मृदंग घेऊन बसवा. आपल्या माणसांचे पाय ठेक्याशिवाय एका वेळी उचलत नाहीत. जाखडीला हीच माणसं पायात चाळ बांधून तासनतास गोल फिरतात, एकाचंही पाऊल चुकत नाही. दारू, बोळा, गज, केप, हे सगळं ठेक्यावर बसवा, बघा कसं जमतं. तुम्ही ऐकायला तयार नव्हतात. "हा नाच नाही, वहिनी. मृदंगात हुकूम हरवतो." मी म्हटलं, माझा हुकूम मृदंगात हरवेल? तुम्ही म्हणालात, "तुमचा नाही हरवणार. पण मला कळत नाही ते काय चाललंय." मला वाटलं, तुम्हाला ठेक्यातलं कळत नाही म्हणताय. शेवटी गंगाराम माझ्या बाजूने झाला, इक्बाल तुमच्या. इक्बाल खालच्या मोहल्ल्यातला, आखाती देशातून परत आलेला, काजूच्या बागेसाठी परवाना घेतलेला, ओळीच्या उजव्या टोकाचा माणूस. तो म्हणायचा, "बाई, मृदुंग आमाला न्हाय समजत, भाऊंचा कोपर समजतो."

कोपर ही तुमची अट. उभं असताना दोन्ही बाजूंच्या माणसांच्या कोपराला आपलं कोपर लागलेलं पाहिजे, एवढंच. "धूर झाला की काही दिसत नाही, आवाजात काही ऐकू येत नाही. कोपर तेवढं राहतं. शेजाऱ्याचा श्वास कोपरातून कळतो." मी म्हटलं, हे तुमचं पुस्तकी आहे, श्वास कुणाच्या कोपरातून कळतो! तुम्ही नुसते हसलात. शिमग्याला सड्यावर सगळ्या गावासमोर फैर झाडायची ठरली होती, आणि तो शिमगा तोंडावर आला तरी मृदंग की कोपर हे भांडण मिटलं नव्हतं. शेवटी मी मृदंग आणला आणि तुम्ही कोपर ठेवलंत, आणि प्रत्येकाला वाटत राहिलं की आपलंच खरं.

आणि मग ती शेवटची रंगीत तालीम. त्या संध्याकाळी माणसं कशी उभी होती! गुडघ्यावर बसलेली पुढची रांग, मागे उभी दुसरी, कुणाची मान हलत नाही. मी हुकूम दिला. धाडकन् आवाज झाला, खाडीपलीकडून परत आला, बंदरावरचे पक्षी उठले. मी धुरातून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हात वर केलात.

दोन बोटं.

मी धावत तिकडे आले. "दोन कुठले? एकच होता!" तुम्ही म्हणालात, "दोन होते, वहिनी. एक जण मागे राहिला." मी म्हटलं, तुमचे कान तपासून घ्या. तुम्ही म्हणालात, "उद्या परत घेऊ." परतताना वाटभर मी एक म्हणत होते आणि तुम्ही दोन. घरी सुलभाने तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण वाढलं, तेव्हाही जेवता जेवता तुम्ही माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवलीत. तुमची माझी शेवटची भेट म्हणजे ती दोन बोटं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तुम्ही पडवीत आडवे झालात आणि उठला नाहीत.

मला तुमचा फार राग आला होता. अजूनही येतो. असं भांडण अर्धवट टाकून जातात का?

सुतक आलं. यंदा शिमग्याची पालखी आपल्या दारात आली नाही. नारळ सोलून ठेवले होते ते तसेच राहिले. गावात सगळे हळू आवाजात म्हणायला लागले, यंदा पलटण राहू द्या, पुढल्या वर्षी बघू. मी पण मान हलवली. पुढल्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे मला खेळाची बाई म्हणून माहीत आहे. एक मोसम सुटला की संघ सुटतो. माणसं मुंबईला जातात, बंदरावर कामाला लागतात, कोपराला कोपर राहत नाही. पण माझ्यात बळ नव्हतं. मग एका संध्याकाळी सगळी ओळ आपल्या अंगणात येऊन उभी राहिली. शिवायचं नाही म्हणून लांब, तुळशीच्या पलीकडे. इक्बाल पुढे होऊन म्हणाला, "बाई, तेरावा झाला की आमी सड्यावर उभे ऱ्हाणार. तुमी हुकूम दिला तर बरा. न्हाय दिला तर कोपरावर उडवू."

मी म्हटलं, हुकूम मीच देणार, आणि चाळ बांधून या सगळे.

बाराव्याच्या आदल्या दिवशी मी आणि सुलभा सोप्यावर कुळीथ निवडत बसलो होतो. ती इतके दिवस फार बोलली नव्हती. मी सहज म्हटलं, मृदंगावरून भावोजी माझ्याशी उगाच भांडले, माणूस हट्टी होता. ती निवडता निवडता थांबली. म्हणाली, "ताई, त्यांना ऐकायला येत न्हवता गो."

मला समजेना. ती म्हणाली, मुंबई सोडायच्या आधीपासून. गोदीत एवढी वर्षं यंत्रांच्या घरघराटात गेली, कान हळूहळू गेले. यंत्र लावायला तयार नाहीत, कुणाला सांगायला तयार नाहीत. समोरच्याच्या ओठांकडे बघून ओळखायचे. "मृदुंग वाजला तर त्यांना कायच कळायचा न्हाय, नुसता गडबड. चाळांचा तर नावच नको. बारीक आवाज सगळा ग्येला व्हता." मी विचारलं, मग बंदुका? ती म्हणाली, "एक एक उडाली तर लांबून त्यांना नीट न्हाय यायची. म्हणून चपला काढून ऱ्हायचे, कातळातून पायाला लागता म्हणायचे. सगळ्या एकदम वाजल्या तर मला ऐकू येईल, म्हणायचे. येकदा तरी येईल." आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. "घरात त्यांना तुमचा आवाज तेवढा ऐकू यायचा, ताई. माझा पण न्हाय. म्हणून तुमाला घेतला हुकमाला."

मी सुपातले कुळीथ तसेच ठेवून परसात गेले आणि मोठ्याने रडले. आणि रडता रडता हसायलाही आलं. आयुष्यभर सगळ्यांनी मला, बाई जरा हळू बोला, असं सांगितलं. सासूबाईंनी सांगितलं, मुख्याध्यापकांनी सांगितलं, तुमचे दादा तर रोज सांगतात. आणि एक माणूस असा निघाला की ज्याला या घरातला फक्त माझाच आवाज ऐकू येत होता. लबाड! एकदा सांगायचं तरी. मी आणखी मोठ्याने बोलले असते.

तर आता काल.

शिमग्याच्या शेवटच्या दिवसांतली दुपार, चाकरमानी अजून परतले नव्हते, त्यामुळे सडा माणसांनी भरला होता. आसपासच्या वाड्यांतले, मोहल्ल्यातले, बंदरावरचे. बायका गडग्यावर ओळीने बसल्या होत्या. मी आपलं भांडण असं मिटवलं होतं, की गंगाराम मृदंग वाजवणार तो फक्त भरताना. बंदूक खांद्याला लागली की मृदंग थांबणार आणि हुकूम माझ्या आवाजात होणार, सगळीकडे शांतता असताना. तुमचे कान नव्हते तिथे, पण मला तसंच हवं होतं.

आणि तुमच्या जागेवर, सड्याच्या त्या टोकाला, सुलभा जाऊन उभी राहिली. पोलीस साहेब धावत गेले, ताई इथे नको, बाजूला बसा. ती म्हणाली, "ते हितंच उभे ऱ्हायचे." आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. तिच्या बाजूला थोडं अंतर ठेवून साहेबही उभे राहिले.

मृदंग सुरू झाला. चाळ वाजले. दारू, बोळा, गज, केप. मी सांगते तुम्हाला, असं भरणं मी कधी बघितलं नव्हतं. जाखडीचा ठेका आणि पलटणीची शिस्त एका जागी. गडग्यावरच्या बायकांनी टाळ्याच वाजवल्या. बंदुका खांद्याला गेल्या, मृदंग थांबला. मी ओरडले. धाड!

चांगली झाली होती. धूर निवळला तसं मी त्या टोकाला बघितलं. सुलभाने हात वर केला होता. दोन बोटं! बघा, म्हणजे आता घराण्यातच शिरलंय ते. मी मनात म्हटलं, भावोजी, तुमची बायको तुमच्यावर गेली.

मी ओळीसमोरून चालत गेले. कुणाला ओरडले नाही. फक्त म्हटलं, "कोपर." सगळे एक पाऊल आत सरकले.

दुसऱ्या फैरीचा हुकूम मी दिला, ती चांगली झाली, पण वारा फिरला. दुपारचा खाडीवरचा वारा, तो तुम्हाला ठाऊक आहे. सगळा धूर परत फिरून आमच्याच अंगावर आला. पांढराफट्ट. मला माझा हात दिसेना, सुलभा दिसणं तर दूरच. डोळ्यांतून पाणी, घशात दारूचा वास. मृदंग मात्र सुरू झाला, धुरातूनच. गंगारामने डोळे मिटून वाजवलं असणार. चाळ वाजत होते, भरणं चाललं होतं, आणि मी आवाज काढायला बघते तर खोकला. खोकतच राहिले. मृदंग थांबला. बंदुका खांद्याला गेल्याचं मला ऐकू आलं. आणि मग अशी शांतता झाली, की मला वाटलं, आता काहीच होणार नाही. ज्या आवाजासाठी तुम्ही मला निवडलं होतं, तो आवाज नेमका तेव्हाच माझ्या गळ्यात अडकला होता.

कुणी वाट बघितली नाही, भावोजी. कुणी नेम धरला नाही. कुणी डुक्कर शोधलं नाही. धुराच्या आत कुठेतरी, माझ्या हुकमाशिवाय, सगळ्या ओळीने एकाच वेळी श्वास घेतला, सोडला आणि चाप ओढले.

तो आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही. माझ्या छातीत शिरला, कातळातून पायांत चढला. खाडीच्या पलीकडच्या डोंगराने तो तसाच्या तसा परत दिला, एकसंध, कुठेही न फुटता. गडग्यावरच्या बायका एकदम उभ्या राहिल्या. बंदरावर कुणीतरी भोंगा वाजवला. लोक आनंदाने ओरडत होते आणि ओळ मात्र जागची हलली नाही, कुणी काय पडलं ते बघायला धावलं नाही.

मी इक्बालला विचारलं, कसं केलंत? तो घाम पुसत म्हणाला, "बाई, शेजाऱ्याचा श्वास कोपरात आला."

तर मृदंगाचं माझं खरं होतं आणि कोपराचं तुमचं. आता हे भांडण मी बंद करते. त्या तालमीचं मात्र अजून राहिलं होतं, एक की दोन. मी धुरातून बाहेर आले, पदराने डोळे पुसले आणि त्या टोकाला बघितलं.

वाऱ्याने धूर खाली खाडीकडे नेला. सुलभा अनवाणी उभी होती, तुमच्या जागेवर, तुमच्यासारखीच पाय घट्ट रोवून. साहेब तिच्या बाजूला टोपी हातात धरून. तिने माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला, जितका वर जाईल तितका. एक बोट.